प्रस्तावना : तिरंगी चेंडूचा ताळेबंद

अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन ही व्यावसायिक लीग १९६७ ते १९७६ या काळात नऊ हंगाम चालली आणि त्यानंतर नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या जुन्या प्रतिस्पर्धी लीगने तिचे चार संघ पोटात घेऊन तिचा अध्याय संपवला. पहिलीला एबीए आणि दुसरीला एनबीए या आद्याक्षरांनीच सर्वत्र ओळखले जात असल्याने येथेही तीच नावे वापरली आहेत. एबीएचे नाव आज निघते ते बहुधा तिच्या लाल-पांढऱ्या-निळ्या चेंडूमुळे, लांबून टाकलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण देणाऱ्या रेषेमुळे आणि ज्युलियस अर्व्हिंगसारख्या खेळाडूंनी हवेत घेतलेल्या झेपांमुळे. ही आठवण खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण लीगच्या करारपत्रांकडे, न्यायालयीन निवाड्यांकडे आणि मालकांच्या जमाखर्चाकडे वळले की जे दिसते ते पुष्कळसे निराळे आहे. एबीए हा मुख्यतः बास्केटबॉलचे सामने विकण्याचा धंदा नव्हता, तर एनबीएच्या दारातून आत शिरण्यासाठी लावलेला, लांब मुदतीचा आणि बहुतेकांच्या बाबतीत बुडीत गेलेला तो एक सट्टा होता, असे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन समजण्यासाठी अमेरिकी लीगची घडण आधी ध्यानात घ्यावी लागते. युरोपातील फुटबॉलमध्ये खालच्या श्रेणीतला संघ चांगला खेळून वरच्या श्रेणीत जाऊ शकतो. अमेरिकेत मात्र लीग ही मालकांची बंदिस्त मंडळी असते आणि तिच्यात प्रवेश मिळतो तो आधीच्या मालकांच्या संमतीने व त्यांनी ठरवलेली रक्कम भरून. या प्रवेशाबरोबर जो हक्क मिळतो, म्हणजे ठरावीक शहरात लीगच्या नावाने संघ चालवण्याचा हक्क, त्याला फ्रँचायझी म्हणतात, आणि संघाच्या किमतीचा मोठा भाग खेळाडूंच्या कौशल्यापेक्षा या हक्काच्या दुर्मीळपणात असतो. १९६६-६७ च्या हंगामात एनबीएत केवळ १० संघ होते, तर सामने भरवण्याजोगी क्रीडागृहे असलेली पण संघ नसलेली शहरे कितीतरी होती. जिथे दार मुद्दाम अरुंद ठेवलेले असते, तिथे भिंत फोडून आत येण्याची किंमत कोणीतरी काढतोच.

ती काढण्यासाठी एक ताजे उदाहरणही समोर होते. १९६० साली सुरू झालेल्या अमेरिकन फुटबॉल लीगने जुन्या नॅशनल फुटबॉल लीगशी खेळाडूंच्या बोलीत इतकी चुरस केली, की जून १९६६ मध्ये दोन्ही लीगांनी विलीनीकरण जाहीर केले आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली. कॅलिफोर्नियातील ब्यूना पार्क या गावाचे माजी महापौर डेनिस मर्फी यांचा मूळ ओढा फुटबॉलकडेच होता. तो मार्ग बंद झाल्यावर त्यांनी बास्केटबॉल निवडला आणि गॅरी डेव्हिडसन या वकिलासह इतरांना जोडीला घेऊन २ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये नव्या लीगची घोषणा केली. ११ संघ ठरले, एनबीएचे एके काळचे सर्वांत मोठे नाव असलेले जॉर्ज मायकन आयुक्त म्हणून नेमले गेले आणि मायकन यांचा व्यवसाय मिनियापोलिसमध्ये असल्याने लीगची कचेरीही तिथेच थाटली गेली. जाहिरात आणि दूरचित्रवाणी यांचे सारे व्यवहार न्यूयॉर्कमध्ये चालत असताना मुख्यालय आयुक्तांच्या सोयीच्या गावी असावे, यातच लीगच्या कारभाराची पुढची रीत दिसून येते.

तिरंगी चेंडू ही मायकन यांची कल्पना, आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तो उठून दिसेल हा तिच्यामागचा विचार. चेंडू लोकप्रिय झाला, मुलांनी तो दुकानादुकानांतून विकत घेतला. पण त्या रंगसंगतीवर व्यापारचिन्हाचा हक्क लीगने मिळवला नसल्याने त्या विक्रीचा लाभ इतरांनीच घेतला. तीन गुणांची रेषा तर तिची स्वतःचीही नव्हती. एब सॅपरस्टीन यांच्या १९६१ साली सुरू होऊन दुसऱ्याच हंगामात बंद पडलेल्या अमेरिकन बास्केटबॉल लीगकडून ती उचललेली होती.

या लीगमध्ये पैसे घालणारे लोक भोळे होते असे मानले तर तिचा इतिहास उलगडत नाही. त्या काळात अमेरिकेत वैयक्तिक उत्पन्नावरील कराचा सर्वोच्च दर ७० टक्के होता, आणि संघ विकत घेणाऱ्याला किमतीचा मोठा हिस्सा खेळाडूंच्या करारांच्या नावे दाखवून, यंत्रसामग्रीवर धरतात तसा त्यावर थोड्या वर्षांत घसारा धरता येत असे. घसारा म्हणजे वस्तू झिजल्याबद्दल हिशेबात दरवर्षी वजा होणारी रक्कम. खिशातून काही न जाता ती कागदावर तोटा निर्माण करते आणि हा तोटा मालकाच्या दुसऱ्या, फायद्यातल्या धंद्याच्या उत्पन्नातून वजा झाला की करात मोठी बचत होते. बेसबॉल संघांचे मालक बिल व्हेक यांनी रूढ केलेली ही युक्ती एबीएच्या काळापर्यंत सर्वमान्य झाली होती. तिचा एक परिणाम असा, की घसारा संपत आलेला संघ जुन्या मालकाला नकोसा होई, आणि नव्या मालकाच्या हाती गेला की तोच संघ पुन्हा पहिल्यापासून झिजू लागे. एबीएतील संघांच्या वारंवार झालेल्या हस्तांतरणांमागे तिकीट-विक्रीतील निराशा होतीच, पण करतज्ज्ञांचा सल्लाही होता, हे विसरून चालत नाही. योगायोग असा, की हा घसारा आखडता घेणारी, म्हणजे खरेदी-किमतीचा निम्म्याहून अधिक भाग खेळाडूंच्या नावे दाखवायला आडकाठी करणारी, कर-सुधारणाही १९७६ सालचीच आहे.

तरीही कराची सवलत तोट्याची धार बोथट करते, तो मिटवत नाही. आणि तोटा जिथून वाहत होता ते ठिकाण म्हणजे खेळाडूंचे मानधन. एनबीएच्या प्रमाणित करारात असे कलम होते, की मुदत संपल्यावरही संघाला खेळाडूचा करार आणखी एका हंगामासाठी स्वतःच्या इच्छेने वाढवता येई, आणि मालकांच्या आपसातील समजुतीमुळे त्याचा व्यवहारातला अर्थ आयुष्यभराची बांधिलकी असा होत असे. एबीएचा हल्ला नेमका या कलमावर झाला. एनबीएच्या सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सचा रिक बॅरी १९६७ मध्ये ऑकलंड ओक्स या नव्या संघाकडे गेला, ज्याचे प्रशिक्षक त्याचे सासरे आणि सहमालक गायक पॅट बून होते. परंतु न्यायालयाने वॉरियर्सचा एका वर्षाचा हक्क मान्य केल्याने पहिला पूर्ण हंगाम त्याला बाहेर बसून काढावा लागला. एनबीएने जुगारी टोळीशी संबंधाच्या सिद्ध न झालेल्या संशयावरून दूर ठेवलेला कॉनी हॉकिन्स पिट्सबर्ग पायपर्सकडून खेळून एबीएचा पहिला सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९६९ मध्ये डेन्व्हरने स्पेन्सर हेवूडला महाविद्यालयीन शिक्षण पुरे होण्याआधीच करारबद्ध केले, आणि पुढे तो सिॲटलच्या एनबीए संघाकडे गेल्यावर उभ्या राहिलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिलेल्या अंतरिम आदेशानंतर शालेय शिक्षणापासून चार वर्षे थांबण्याचा एनबीएचा नियम टिकला नाही.

सर्वांत मोठी संधी मात्र हुकली. १९६९ मध्ये ल्यू अल्सिंडर, म्हणजे नंतरचा करीम अब्दुल-जब्बार, महाविद्यालयातून बाहेर पडला तेव्हा दोन्ही लीगांनी आपली एकच अंतिम बोली सांगावी असे त्याने ठरवले होते. एबीएने त्याच्यासाठी १० लाख डॉलरचा धनादेश तयार ठेवला होता, पण मायकन यांनी तो बैठकीत पुढे केलाच नाही. अल्सिंडर एनबीएच्या मिलवॉकी संघाकडे गेला आणि मायकन यांनी त्याच वर्षी पद सोडले. या प्रसंगाला आख्यायिकेचे रूप आले असले, तरी त्यातून एक व्यावसायिक अनुमान काढता येते. अल्सिंडर मिळाला असता तर विलीनीकरणाच्या सौद्यात एबीएचे पारडे बहुधा जड झाले असते.

रोख पैसा कमी असताना मोठे आकडे जाहीर करण्याची विद्याही याच काळात विकसित झाली. राल्फ डॉल्गॉफ या हिशेबनिसाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत संघ खेळाडूच्या नावे दरवर्षी लहानशी रक्कम गुंतवणुकीत टाकत असे आणि तिच्या अपेक्षित वाढीतून, खेळाडू चाळिशीला आल्यानंतर, त्याला वर्षानुवर्षे वार्षिकी मिळायची असे. हे सारे भावी हप्ते एकत्र करून वृत्तपत्रांत करार लाखो डॉलरचा म्हणून छापला जाई. फसवणूक हा शब्द येथे वापरणे अन्यायाचे होईल, कारण अटी करारात लिहिलेल्या असत. पण चक्रवाढ व्याजाचे गणित न जाणणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणाने तो आकडा कसा वाचला असेल, हा प्रश्न उरतोच. तरीसुद्धा दोन ग्राहक झाल्यावर श्रमाचा भाव वाढतो हा अर्थशास्त्राचा साधा नियम येथे ठळकपणे खरा ठरला. एनबीएतील सरासरी वार्षिक मानधन १९६७ मध्ये सुमारे २० हजार डॉलर होते, ते १९७० च्या दशकाच्या मध्यावर एक लाखापुढे गेले.

संघांच्या स्थलांतराची कहाणी विस्ताराने सांगितली तर वाचकाचा गोंधळच होईल, इतकी ती गुंतागुंतीची आहे. अनाहाइम अमिगोज हा संघ लॉस एंजेलिसमार्गे युटाला पोचला. ह्यूस्टनचा संघ कॅरोलिनात गेला आणि तिथून सेंट लुइसला. ऑकलंडचा विजेता संघ वॉशिंग्टनहून व्हर्जिनियाला जाऊन चार शहरांत आळीपाळीने सामने भरवू लागला आणि अखेर अर्व्हिंग व जॉर्ज गर्व्हिन या दोन रत्नांना विकूनही वाचला नाही. न्यू ऑर्लिन्सहून मेम्फिसला गेलेला संघ १९७५ मध्ये बाल्टिमोरला नेण्यात आला आणि हंगामातला एकही सामना न खेळता विसर्जित झाला. याउलट डॅलसचा संघ सॅन अँटोनियोतील गुंतवणूकदारांनी १९७३ मध्ये आधी भाडेतत्त्वावर नेला, चालला तर विकत घेऊ या अटीवर; आणि तो चालला. ज्या गावात दुसरा मोठा व्यावसायिक संघ नाही तिथे बास्केटबॉल तगतो, हा सॅन अँटोनियोचा धडा अनेक मालकांना फार उशिरा समजला.

प्रेक्षागृहाच्या तिकिटांवर लीग जगत नाही, दूरचित्रवाणीवर जगते, हे मात्र सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच १९६९ मध्ये सीबीएस वाहिनीच्या क्रीडा विभागातील जॅक डॉल्फ यांना आयुक्तपदी आणले गेले. काही निवडक सामने त्या वाहिनीवर दिसलेही, पण देशभर आणि सातत्याने प्रक्षेपण करणारा करार एबीएला कधीच मिळाला नाही. अर्व्हिंगची कीर्ती त्यामुळे बरीचशी ऐकीव राहिली.

विलीनीकरणाची बोलणी १९७० मध्येच पुढे सरकली होती. ती अडली दोन्ही लीगांच्या भांडणाने नव्हे, तर खेळाडूंच्या विरोधाने. १६ एप्रिल १९७० रोजी एनबीए खेळाडू संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने दाखल झालेल्या दाव्यात असे म्हणणे मांडले होते, की दोन लीग एक झाल्या तर श्रमाचा बाजार पुन्हा एकाच ग्राहकाच्या हाती जाईल आणि ते मक्तेदारीविरोधी कायद्याचे उल्लंघन ठरेल. मालकांनी मग फुटबॉलच्या वाटेने काँग्रेसकडे सूट मागितली. सिनेटर सॅम अर्व्हिन यांच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, पण सूट हवी तर खेळाडूंना बांधणारी कलमे सोडा असा सूर तिथे निघाल्यावर मालकांचा उत्साह ओसरला. रॉबर्टसन दाव्यात फेब्रुवारी १९७६ मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूला बांधून ठेवणारे कलम सोडायला एनबीए राजी झाली, तेव्हाच विलीनीकरणाचा रस्ता मोकळा झाला. मधली सहा वर्षे एबीएला जिवंत राहण्याचा खर्च सोसावा लागला, आणि बहुतेक संघ मेले ते याच प्रतीक्षेत.

भारतीय वाचकाला येथे २००७ साली निघून २००९ मध्ये थांबलेल्या इंडियन क्रिकेट लीगची आठवण होणे स्वाभाविक आहे. तिथेही प्रस्थापित नियामक मंडळाने बंडखोर लीगला मान्यता नाकारली, तिच्या खेळाडूंवर बंदी घातली आणि मग स्वतःची लीग उभी केली. परंतु तिथे बंडखोर लीगच्या कोणत्याही संघाला आत घेण्याचा सौदा झाला नाही, आणि या फरकामुळेच ते उदाहरण फार ताणता येत नाही.

१९७५-७६ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच न्यूयॉर्क नेट्स आणि डेन्व्हर नगेट्स या दोन बलिष्ठ संघांनी एनबीएकडे प्रवेशासाठी अर्ज केला होता. घरातले कर्ते असे वेगळे बिऱ्हाड शोधू लागल्यावर बाकीच्यांनी काय ते ओळखले. नोव्हेंबरात सॅन दिएगोचा संघ बंद पडला, डिसेंबरात युटाचा. युटाचे मालक बिल डॅनियल्स यांनी काही वर्षांनंतर तिकीटधारकांचे आणि देणेकऱ्यांचे पैसे व्याजासह परत केले, हे या इतिहासातले एक विरळा पान आहे. सातच संघ उरल्याने जानेवारी १९७६ मधील तारांकित सामना यजमान डेन्व्हर विरुद्ध उरलेले सारे असा खेळवावा लागला, आणि त्याच दिवशी प्रेक्षक जमवण्यासाठी भरवलेली उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये आपटण्याची स्पर्धा पुढे एनबीएच्या वार्षिक सोहळ्याचे आकर्षण बनली.

१७ जून १९७६ रोजी करार झाला. डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क नेट्स आणि सॅन अँटोनियो या चौघांना प्रत्येकी ३२ लाख डॉलर भरून प्रवेश मिळाला. पहिली तीन वर्षे त्यांना दूरचित्रवाणीच्या उत्पन्नात वाटा नव्हता आणि काही ठरावांवर मतही नव्हते. एनबीएने १९६७ मध्ये सिॲटलकडून साडेसतरा लाख आणि १९७४ मध्ये न्यू ऑर्लिन्सकडून साडेएकसष्ट लाख डॉलर घेतले होते, हे पाहता प्रवेशाचा आकडा एकट्याने जाचक वाटत नाही. जाच होता तो अटींचा. नेट्सला एनबीएतील न्यूयॉर्क निक्सच्या हद्दीत राहण्याबद्दल आणखी ४८ लाख डॉलर दहा वर्षांत द्यायचे होते, आणि ती भरपाई करण्यासाठी मालक रॉय बो यांनी ३० लाख डॉलरना अर्व्हिंग फिलाडेल्फियाला विकला. ज्याच्यासाठी एनबीएला हा सौदा हवा होता, तोच खेळाडू सौद्याच्या खर्चात गेला. इंडियानाची स्थिती १९७७ मध्ये अशी होती, की प्रशिक्षक बॉब लेनर्ड आणि त्यांची पत्नी नॅन्सी यांनी पुढाकार घेऊन दूरचित्रवाणीवर रात्रभर आवाहन करत ८ हजार हंगामी तिकिटांचे लक्ष्य गाठले, तेव्हा संघ शहरात राहिला.

खरा नफा झाला तो बाहेर राहिलेल्यांना. केंटकीचे मालक जॉन वाय. ब्राउन यांनी सुमारे ३० लाख डॉलर घेऊन संघ मिटवला आणि त्यातल्या निम्म्या रकमेत एनबीएच्या बफेलो संघाचा अर्धा हिस्सा विकत घेतला. सेंट लुइसचे मालक, वस्त्रोद्योगातील बंधू ओझी आणि डॅनियल सिल्ना, यांनी व त्यांचे वकील डोनाल्ड शुपॅक यांनी मात्र रोकड कमी मागितली. खेळाडूंपोटी २२ लाख डॉलर, आणि शिवाय चारही संघांच्या दूरचित्रवाणी उत्पन्नाचा प्रत्येकी एक सप्तमांश, एनबीए अस्तित्वात असेपर्यंत. ज्या चौघांनी हे मान्य केले त्यांना मूर्ख ठरवणे सोपे आहे. परंतु त्या वेळी तो वाटा नगण्य होता, तीन वर्षे त्यांना स्वतःलाच काही मिळणार नव्हते, आणि १९८० सालीसुद्धा अंतिम मालिकेचा निर्णायक सामना देशाच्या बहुतेक भागांत रात्री उशिरा ध्वनिचित्रफितीवरून दाखवला गेला. पुढे मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड आणि मायकेल जॉर्डन यांची लोकप्रियता वाढली, केबल आली, आणि एका संघाच्या वाट्याच्या चार सप्तमांशाइतकी रक्कम, एकही खेळाडू न सांभाळता, सिल्ना बंधूंकडे दरवर्षी जात राहिली. २०१४ पर्यंत ती एकूण सुमारे ३० कोटी डॉलर झाली होती, आणि त्या वर्षी हा हक्क बहुतांशी सोडवून घेण्यासाठी त्यांना आणखी ५० कोटी डॉलर देण्यात आले. नऊ वर्षांत एबीएच्या नावावर झालेला हा सर्वांत फायदेशीर व्यवहार होता, आणि तो लीग संपवण्याच्या कागदावर झाला.

त्याच कागदात ज्यांच्याविषयी पुरेसे लिहिले गेले नाही, ते एबीएचे सामान्य खेळाडू. एनबीएत जागा न मिळालेल्या किंवा तिथे फार काळ न टिकलेल्या अनेकांना त्या लीगचे निवृत्तिवेतन लागू झाले नाही, आणि पुढे इंडियानापोलिस येथील ड्रॉपिंग डाइम्स फाउंडेशनने हा प्रश्न लावून धरला. सिल्ना बंधूंच्या हिशेबाचा मोठा भाग मिटल्यानंतर आठ वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, एनबीए आणि तिची खेळाडू संघटना यांनी सुमारे ११५ हयात खेळाडूंसाठी २ कोटी ४५ लाख डॉलर मंजूर केले. खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे ते वर्षाला सरासरी ३,८२८ डॉलर पडतात.